स्तुतीची पोथी आणि नर्मदेचे पाणी

माणसाच्या मनाला ज्या नाना प्रकारच्या भुका आहेत, त्यांत कौतुकाची भूक मोठी विलक्षण म्हणावी लागेल. पोटाची भूक चार घास पोटात गेले की शमते. कौतुकाची भूक मात्र घासागणिक वाढत जाते. आपल्या मराठी घरांतून तर ‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न कुलदैवताइतकाच जुना आहे. मुलीच्या लग्नात किती पंगती उठाव्यात, मुलाने कोणत्या शाखेत प्रवेश घ्यावा, वडिलांच्या वर्षश्राद्धाला किती पाने मांडावीत, याचा निर्णय पुष्कळदा घरच्या ऐपतीवर वा गरजेवर होत नाही. तो या प्रश्नाच्या धाकाने होतो. परप्रांतात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना हा धाक किंचित अधिकच असतो. समाज लहान, सगळे सगळ्यांना ओळखतात आणि सगळे सगळ्यांकडे पाहत असतात.

आपल्या परंपरेने यावर एक उपाय सांगून ठेवला आहे. माणसांच्या पसंतीकडे न पाहता परमेश्वराच्या पसंतीकडे पाहावे, हा तो उपाय. कीर्तनात हे वाक्य आपण अनेकदा ऐकतो, माना डोलावतो आणि घरी येऊन पुन्हा पंगतींचा हिशेब करू लागतो. कारण मनात एक शंका असते. संतांना हे साधले, कारण त्यांनी प्रपंचाची फिकीर सोडली होती. ज्याला चार माणसांत राहायचे आहे, ज्याला कारभार हाकायचा आहे, त्याला हे कसे जमावे? म्हणून आज आम्ही उदाहरण एखाद्या विरक्ताचे घेत नाही. राज्य करणाऱ्या व्यक्तीचे घेतो. राज्यकर्त्याला लोकांची पसंती सर्वांत अधिक लागते आणि स्तुतीही त्यालाच सर्वांत अधिक मिळते. तिथे जर हा उपाय चालला असेल, तर तुमच्याआमच्या चार खोल्यांच्या घरात तो चालण्यास हरकत नसावी. हे उदाहरण शोधण्यासाठी आम्हां माळव्यातल्या मंडळींना लांब जाण्याचे कारण नाही.

अहिल्याबाई होळकर यांचे चरित्र वाचकांना परिचित आहे. इ. स. १७२५ मध्ये चौंडी येथे जन्म, होळकरांच्या घरात सून म्हणून प्रवेश, १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव यांचा मृत्यू, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, १७६७ मध्ये एकुलता एक पुत्र मालेराव गेला. त्यानंतर १७९५ पर्यंत, म्हणजे सुमारे अठ्ठावीस वर्षे, त्यांनी महेश्वराहून राज्यकारभार पाहिला. सैन्याची धुरा तुकोजी होळकरांकडे आणि मुलकी कारभार बाईंकडे, अशी वाटणी होती. त्यांच्या आज्ञापत्रांवर ‘श्रीशंकर’ ही अक्षरे असत. राज्य शंकराचे आणि आपण त्याच्या वतीने ते सांभाळणार, असा त्या अक्षरांचा अर्थ आम्ही समजतो.

खंडेरावांच्या मृत्यूनंतर बाई सती जाण्यास निघाल्या होत्या आणि वृद्ध मल्हाररावांनी काकुळतीने त्यांना परावृत्त केले, असे परंपरा सांगते. या प्रसंगाकडे आपण बहुधा सासऱ्याच्या मायेचा प्रसंग म्हणून पाहतो. पण त्या काळच्या लोकमताच्या बाजूने पाहा. चितेवर चढणाऱ्या स्त्रीचा जयजयकार होत असे, तिच्या नावाची शिळा उभी राहत असे. मागे राहणाऱ्या विधवेच्या वाट्याला काय येत असे, हे सांगावयास नको. लोकांच्या पसंतीचा मार्ग अग्नीतून जात होता आणि कर्तव्याचा मार्ग एका कोपऱ्यातल्या पांढऱ्या वस्त्रातून. अठ्ठावीस वर्षांच्या त्या स्त्रीने दुसरा मार्ग धरला. पुढच्या एकेचाळीस वर्षांचा पाया त्या दिवशी घातला गेला.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, त्या गोष्टीकडे वळू. सर जॉन माल्कम हा इंग्रज सेनाधिकारी १८१७ च्या महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या सैन्याविरुद्ध लढला आणि पुढे माळव्याचा कारभार त्याच्या देखरेखीखाली आला. म्हणजे तो होळकरांचा आश्रित नव्हता, भाट तर नव्हताच. बाईंना जाऊन तेव्हा पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती. त्यांना पाहिलेली माणसे हयात होती. त्यांच्याकडून ऐकलेली माहिती त्याने १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानविषयीच्या आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. त्यांतील एक हकीकत अशी : एका ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचला आणि तो त्यांच्यापुढे वाचून दाखवला. बाईंनी तो शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतला. मग, आपण एक दुर्बळ, पापी स्त्री आहोत, एवढ्या थोरवीला आपण पात्र नाही, अशा अर्थाचे बोलून त्यांनी तो ग्रंथ नर्मदेत टाकण्यास सांगितले. ग्रंथकाराकडे त्यांनी पुन्हा लक्ष दिले नाही.

ही हकीकत चार ओळींची आहे, पण तिच्यात थांबून पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पहिली गोष्ट ही की बाईंनी ग्रंथ ऐकला. मधूनच उठून जाणे, वाचणाऱ्याला गप्प करणे, चारचौघांत त्याचा पाणउतारा करणे, यांपैकी काहीच त्यांनी केले नाही. विद्वानाला बसावयास जागा मिळाली, त्याचे म्हणणे पुरते ऐकले गेले. दुसरी गोष्ट ही की त्याला शिक्षा झाली नाही आणि बक्षीसही मिळाले नाही. आम्हांला वाटते, या दुसऱ्या गोष्टीत राजनीतीचे मोठे मर्म आहे. त्या दिवशी त्या ब्राह्मणाच्या पदरात एक शालजोडी पडली असती, तर पुढच्या महिन्यात दहा पोथ्या महेश्वराच्या वाटेला लागल्या असत्या. पोथ्या ऐकण्यात दरबाराची वेळ गेली असती आणि गाऱ्हाणी घेऊन आलेला कुळंबी बाहेर उन्हात बसून राहिला असता. नर्मदेच्या पात्रात त्या दिवशी कागद बुडाले, पण दरबाराचे दार मोकळे राहिले.

त्या दाराचेच महत्त्व अधिक आहे. बाईंचा दिनक्रम माल्कमने दिला आहे. सूर्योदयापूर्वी उठणे, पूजाअर्चा, पुराणश्रवण, दानधर्म, मग साधे भोजन. दुपारी दोनच्या सुमारास त्या दरबारात येत आणि सायंकाळी सहापर्यंत काम चाले. पुन्हा देवपूजा, थोडासा फराळ आणि रात्री नऊ ते अकरा पुन्हा राज्याचे काम. दरबार उघडा असे. बाई स्वतः तक्रारी ऐकत. या वेळापत्रकात देवाची वेळ आणि लोकांची वेळ एकाआड एक गुंफलेली दिसते. देवघरातून उठलेली व्यक्ती थेट लोकांच्या गाऱ्हाण्यांत येऊन बसते आणि गाऱ्हाण्यांतून उठून पुन्हा देवापुढे हिशेब द्यावयास जाते.

आमच्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली येथे आहे. ‘मी लोकांच्या पसंतीची पर्वा करीत नाही, मला फक्त देवाची पसंती हवी’, असे म्हणणारे लोक आपल्या आजूबाजूस कमी नाहीत. पण त्यांतले पुष्कळजण वस्तुतः कोणाचेच ऐकत नाहीत. सुनेचे अश्रू त्यांना दिसत नाहीत, शेजाऱ्याची अडचण त्यांना कळत नाही, हाताखालच्या माणसाने चूक दाखवली तर त्यांचा पारा चढतो. स्वतःच्या हट्टाला ते देवाचे नाव देतात. त्यांच्याहून लोकांना भिणारा मनुष्य परवडला. निदान तो चार शब्द ऐकून तरी घेतो. अहिल्याबाईंनी स्तुतीला कान बंद केले आणि तक्रारीला उघडे ठेवले. स्तुतीचा भुकेला मनुष्य नेमके याच्या उलट करतो. स्तुती त्याला गोड लागते म्हणून तक्रार कडू लागते, आणि तक्रार करणारा त्याला शत्रू वाटू लागतो. ज्याला वरच्या दरबारात जाब द्यावयाचा आहे, त्याला खालची तक्रार उपयोगाचीच वाटते. आपल्या हातून काय राहून गेले, हे त्याला आधीच समजते.

अशा एका तक्रारीची हकीकत माल्कमनेच दिली आहे. इंदुरातील देवीचंद नावाचा सावकार निपुत्रिक वारला. तुकोजी होळकरांचा तळ त्या वेळी इंदुराजवळ होता. काही स्वार्थी मंडळींच्या सल्ल्याने त्यांनी त्या सावकाराच्या संपत्तीत वाटा मागितला. सावकाराची विधवा थेट महेश्वरास गेली. बाईंनी तिचे म्हणणे ऐकले, तीच आपल्या घराची व धनाची मालकीण आहे असे ठरवून तिला वस्त्रे देऊन सन्मानाने परत पाठवले आणि तुकोजींना हुकूम गेला की, इंदुरापासून तळ हलवावा, शहरास उपद्रव देऊ नये. तुकोजींनी तो हुकूम मानला. येथे कोणाची पसंती मिळवणे सोयीचे होते? तुकोजी म्हणजे सैन्य, आणि सैन्यास पैसा हवा होता. समोर होती एक एकटी विधवा. तिच्या पसंतीने राज्याचे काय वाढणार होते? बाईंनी हा हिशेब केला नाही. पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. आपल्या घामाचा पैसा येथे लुबाडला जात नाही, असा विश्वास वाटला म्हणजे व्यापारी वस्तीला येतो. बाईंच्याच कारकीर्दीत इंदूर खेड्याचे भरभराटीचे शहर झाले.

आणखी एक बारीकशी गोष्ट आहे, ती आम्हांला सर्वांत हृद्य वाटते. बाईंनी काशीविश्वनाथाचे मंदिर १७८० मध्ये उभारले, गयेचे विष्णुपद मंदिर बांधले, सोमनाथाची पूजा पुन्हा सुरू केली, हे आपण शाळेत शिकतो आणि शिकवतो. मंदिर डोळ्यांना दिसते, त्यावर नाव राहते. परंतु महेश्वराच्या परिसरात उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्या बैलांना थांबवून पाणी पाजण्यासाठीही बाईंचा माणूस फिरत असे, असे माल्कम लिहितो. पाखरांना दाणे खाता यावेत म्हणून त्यांनी काही शेते विकत घेऊन ठेवली होती. शेतकरी आपल्या शेतावरून पाखरे हाकलतो ते योग्यच आहे, त्याचे पोट त्यावर आहे. पण पाखरांनीही कोठे तरी जावे ना, असा त्यामागचा विचार. बैल पोथी लिहीत नाही. पाखरू सभेत उभे राहून आभार मानीत नाही. जो आपले नावही जाणत नाही अशाची तहान भागवणे, हे काम माणसांच्या पसंतीसाठी होऊच शकत नाही. देवाच्या पसंतीसाठी केलेले कर्म कसे ओळखावे, असे कोणी विचारले तर आम्ही त्या बैलांकडे बोट दाखवू.

आमचा व्यवसाय शिक्षकाचा, तेव्हा शाळेतले चार शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. आम्ही व्हरांड्यातून चालू लागलो की वर्गावर्गांतून आवाज चढतात आणि फळ्यावरचे अक्षर एकाएकी वळणदार होते, हे मुख्याध्यापकाच्या नोकरीतले नित्याचे दृश्य आहे. तपासणीचा दिवस तर सणासारखा. सेवेच्या प्रारंभी ज्या एका शाळेत आम्ही होतो, तेथे तपासणीच्या दिवशी कच्च्या मुलांना घरी राहावयास सांगत आणि पुढच्या बाकांवर तोंडपाठ उत्तरे देणारी मुले बसवीत. अहवाल उत्तम येई. त्याच शाळेत एक वयस्क शिक्षक रोज शाळा सुटल्यावर चार-पाच मागासलेल्या मुलांना घेऊन वाचन करवून घेत. या कामाचे कोणत्याही रजिस्टरात नाव नव्हते आणि तपासणी अधिकाऱ्याने त्याविषयी कधी विचारले नाही. ती मुले गुणवत्ता यादीत येणार नव्हती. फार तर पत्र वाचता येऊ लागेल, दुकानाचा हिशेब करता येईल. त्या शिक्षकांना याहून अधिक काही अपेक्षित नव्हते. ते देवाधर्माचे फारसे बोलत नसत. आमच्या मते मात्र त्या शाळेत खरी पूजा सायंकाळी साडेपाचनंतर होत असे.

घरातही असेच आहे. अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणाऱ्या एखाद्या सुनेचे पाहुणे आले म्हणजे कौतुक होते; पण रात्री दोन वाजता उशाशी पाणी ठेवावयास ती उठते, तेव्हा पाहणारे कोणी नसते. चारचौघांत वडिलांचा हात धरून चालणारा मुलगा एकांतात त्यांच्याशी कोणत्या आवाजात बोलतो, हे त्या घराच्या भिंतींना ठाऊक असते. आता खिशाखिशात मोबाइल आला आहे. केळ्यांचे दोन घड रुग्णालयात वाटावयाचे, तर घेणाऱ्याचा हात आणि देणाऱ्याचा चेहरा एका चौकटीत आल्यावाचून केळे हातातून सुटत नाही. घेणाऱ्याला त्या क्षणी काय वाटत असेल, याचा विचार मनात येत नाही. येथे अपकार असा काही नाही; पोटात केळे गेले हे खरेच. पण ज्या दानाने घेणाऱ्याची मान खाली जाते, त्यात थोडीशी वसुली होऊन गेलेली असते.

याचा अर्थ स्तुती हे सर्वस्वी विष आहे, असे आम्ही म्हणत नाही. लहान मुलाला शाबासकी लागते, रोपाला पाणी लागते तितकीच लागते. पाठीवर हात न पडलेली मुले आम्ही पाहिली आहेत; ती बाकाच्या टोकाला अंग चोरून बसतात. तेव्हा वाचकांनी हा लेख वाचून मुलांचे कौतुक करणे थांबवू नये. पत्नीने केलेल्या आमटीस बरे म्हणावे, हाताखालच्या माणसाने काम नीट केले तर तसे तोंडाने सांगावे. दुसऱ्याला कौतुक द्यावे हाताने सढळ. स्वतःसाठी मात्र ते गोळा करीत हिंडू नये. मिळालेच तर नमस्कार करून ऐकून घ्यावे आणि मनातल्या मनात नर्मदेत सोडून द्यावे. अहिल्याबाईंनी पोथी ऐकली होती, हे विसरू नये.

कोणी म्हणेल, लोकांची पसंती कानांना ऐकू येते, डोळ्यांना दिसते. देवाची पसंती कळावी कशी? शंका रास्त आहे. आम्ही काही शास्त्रज्ञ पंडित नव्हे, परंतु वरच्या हकीकतींतून तीन प्रश्न निघतात, ते कोणासही स्वतःला विचारता येतील. हे काम मी केले असे कधीच कोणाला कळणार नसेल, तरी मी ते करीन काय? ज्याच्यासाठी करतो त्याच्याकडून परतफेडीची मुळीच शक्यता नसेल, तरी करीन काय? आणि या कामात चूक झाली असे कोणी दुबळ्या माणसाने येऊन सांगितले, तर मी त्याला बसावयास पाट देईन काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले, तर लोक काय म्हणतील याची चिंता करण्याचे प्रयोजन उरत नाही. ज्यांची देवावर श्रद्धा नाही त्यांनीही हे प्रश्न स्वतःच्या विवेकाला विचारून पाहावेत. उत्तर निराळे येईलसे आम्हांला वाटत नाही.

२०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. ठिकठिकाणी सभा झाल्या, मिरवणुका निघाल्या. आमच्या इंदुरात विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, विमानतळाला त्यांचे नाव आहे. महाराष्ट्रात एका जिल्ह्यालाही आता त्यांचे नाव आहे. हे सर्व योग्यच झाले. परंतु त्या निमित्ताने चौकाचौकांत जे फलक लागले, त्यांतल्या काहींवर बाईंचे चित्र तळहाताएवढे आणि शुभेच्छुकांची चित्रे पुरुषभर उंच होती. त्या फलकांखालून जाताना नर्मदा इंदुरापासून थोडी दूर आहे, याची चुटपुट लागली.

ज्या स्तुतिग्रंथात कदाचित शेकडो श्लोक असतील, त्याचे एक अक्षर आज कोणाजवळ नाही. माल्कमने ग्रंथकाराचे नावसुद्धा दिलेले नाही. ज्या बाईंनी तो पाण्यात टाकवला त्यांचे नाव मात्र निमाडातली बाया-माणसे आजही सकाळी घाटावर घेतात. लोकांची पसंती मिळवण्याची ही एक युक्ती आहे, असा अर्थ मात्र कोणी यातून काढू नये. बाईंना आपल्या मागे काय होणार, हे ठाऊक नव्हते आणि त्यांनी त्याची वाटही पाहिली नव्हती. आपल्यापैकी बहुतेकांच्या नावाने विद्यापीठ होणार नाही; सायंकाळी साडेपाचनंतर शिकवणाऱ्या त्या शिक्षकांच्या नावाने साधी खोलीही झालेली नाही. तरीही चार मुले वाचावयास शिकली. येत्या उन्हाळ्यात दारासमोर पाण्याचा माठ ठेवावा आणि त्यावर कोणाचेही नाव लिहू नये, एवढी विनंती करून आम्ही वाचकांची रजा घेतो.